भिंगरी कितवी आली

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. तुझं मागचं पत्र टेबलावर डोळ्यांसमोर आहे आणि मी रोज उद्यावर ढकलत आले. बदलीचं निमित्त सांगता येईल, पण ते खरं नाही. बदलीला आता दोन वर्षं होतील. खरं हे की पळणं सुटल्यावर तुला लिहिण्याजोगं काही आहे असं वाटेना. पाण्याच्या बाटल्यांबद्दल माणूस किती लिहिणार? सकाळी प्रयोगशाळेत गावोगावच्या बाटल्या येतात, त्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, पाणी तपासायचं, संध्याकाळी ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ लिहून सही ठोकायची. खोली बरी आहे. खिडकीतून बसचा डेपो दिसतो आणि दिवसभर कोणीतरी कोणालातरी ‘मागं घे, मागं घे’ म्हणून ओरडत असतं.

आज लिहायला एक कारण मिळालं. स्टेडियम समितीच्या सेक्रेटरींचं पत्र आलंय. दर्शनी भिंतीवर तुझ्या नावाचा मोठा फलक लावायचा म्हणतात, आणि त्यावरचा मजकूर मी द्यावा: ‘कारकिर्दीतील ठळक यश’, एका पानात. ‘तुम्ही प्रत्येक शर्यतीत शेजारीच होता, त्यामुळे तुम्ही सगळं पाहिलं असेल,’ असं त्यांनी लिहिलंय. ते वाचून मी जरा थांबले. अकरा वर्षं अंधांच्या शर्यतींत तू डोळ्यांवर पट्टी बांधून आणि मी शेजारच्या लेनमध्ये, दोघींच्या मनगटांत ती वीतभर दोरी. जिंकलीस तू, पाहिलं मी. शर्यत संपली की बाकावर बसून तू मला पिळून काढायचीस: दुसरी कोण, किती मागं, कोण रडलं, सराव घेणाऱ्या मास्तरांनी टोपी काढली का. सगळी कारकीर्द तुला मी सांगितलेली आहे, याचा तेव्हा कधी विचार केला नव्हता.

डायऱ्या काढून कच्चं लिहिलंय. शंभर मीटर राष्ट्रीय विजेतेपद नऊ वेळा. दोनशेचं सहा वेळा. परदेशातलं रौप्य. शंभरचा राष्ट्रीय विक्रम, अजून कोणी मोडलेला नाही. आता माझ्या शंका. विक्रमाच्या दिवशी वारा पाठीमागून होता. नियमात बसणारा, पण होता. लिहू का? ज्या वर्षी रेषेवर माझी छाती तुझ्या आधी गेली आणि आपल्याला बाद केलं, ते वर्ष ‘ठळक यशा’त बसत नाही, पण गाळलं तर मध्ये एक वर्ष रिकामं दिसतं आणि लोकांना वाटेल तू आजारी होतीस. तू सांगशील तसं करते.

माझ्या जागी आलेली नवी मुलगी कशी आहे? जमतंय का तिच्याबरोबर? वहिनी हे वाचून दाखवत असतील, त्यांना नमस्कार सांग. वाक्यं लांबली असतील तर दोष माझा.

तुझी,
दोरी


२७ जानेवारी

दोरी,

पत्र वहिनीनं दोनदा वाचलं. एकदा मला कळावं म्हणून आणि एकदा तिला आवडलं म्हणून. माफी मिळणार नाही. पुढच्या वेळी एवढी गप्प बसलीस तर फलकावर तुझं नाव कसं येतं ते बघते.

वारा लिही, पाऊस लिही, काय हवं ते लिही. तू बाद केलंस ते वर्षही लिही, ठळक अक्षरांत. मला काय, मी थोडीच वाचणार आहे. पण सेक्रेटरीला सांग की मी अजून निवृत्त नाही. पळत्या माणसाला भिंतीवर चिकटवू नका म्हणावं. एप्रिलच्या स्पर्धेत मी उतरणार आहे.

नवीबद्दल विचारलंस. पोरगी चांगली आहे, पाय चांगले आहेत, पण तोंडात गुळणी धरल्यासारखं बोलते. ‘डावीकडे’ म्हणते की ‘उजवीकडे’, देव जाणे. नोव्हेंबरात पहिल्याच फेरीत, हीटमध्ये, शेवटून पहिली आले ते तिच्यामुळं आणि त्या बंदूकवाल्यामुळं. बार फुसका होता. लोकसुद्धा हल्ली टाळ्या वाजवत नाहीत बघ. आपल्या वेळी कसं स्टेडियम अंगावर यायचं. आता सगळे हात खिशात घालून बसतात वाटतं.

हॉस्पिटलात टेलिफोन जोडायच्या कामावरून मी बदली मागून घेतली. आता गोळ्यांच्या पाकिटांवर असते. मोजायचं, भरायचं, दाबायचं. बायका चांगल्या आहेत. फोन करू नकोस, घरचा फोन खरखरतो. पत्रच बरं.

भिंगरी

(‘देव जाणे’च्या ठिकाणी तिनं दुसरं काहीतरी सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही. – वहिनी)


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून आठवडाभर अस्वस्थ आहे. लिहू की नको असं करत शेवटी लिहितेय, कारण दुसरं कोणी तुला लिहिणार नाही.

तुझ्या पत्रात नवी नीट बोलत नाही, बंदूक फुसकी, लोक टाळ्या वाजवत नाहीत, फोन खराब. सगळ्यांचं काही ना काही बिघडलंय, तुझंच तेवढं ठीक आहे. भिंगरी, नऊ वेळा जिंकलेल्या माणसाला लोकांनी कमी टाळ्या दिल्या की ते लागतं, हे मी समजू शकते. पण त्या पोरीवर खापर फोडू नकोस. तिच्या जागी मी होते. तुझ्याबरोबर पळणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. जिंकलं की तुझं, हरलं की दोरीचं.

तू छत्तीसची झालीस. पाय मंदावतात. माझे मंदावले, मी मान्य केलं, तेव्हा मला कमीपणा वाटला नाही. (वाटला होता. खोटं कशाला लिहू.) पण हट्टानं हीटमध्ये शेवटची येत राहण्यापेक्षा फलक लागू दे, समारंभ होऊ दे, सन्मानानं थांब. मी मास्तरांनाही तसं कळवलंय की तू हट्टाला पेटलीस आणि त्यांनी तुला समजवावं.

हे लिहिण्याचा मला हक्क आहे का, ते नक्की ठरवता आलेलं नाही. तरी पाठवते.

दोरी


२० फेब्रुवारी

ताईंस,

नमस्कार. हे पत्र मी माझ्या मनानं लिहितेय, तिला सांगितलेलं नाही. तुमचं पत्र मी तिला अर्धंच वाचून दाखवलं. ‘पत्र वाचून अस्वस्थ आहे’ इथवर वाचलं आणि पुढं हवापाण्याचं काहीतरी जोडून दिलं. देव मला क्षमा करो, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, पण तिला शंका आली नाही.

ताई, नवी पोरगी नीट बोलते. बंदूकही नीट होती. तिलाच ऐकू येत नाही.

वर्ष झालं असेल. आधी मला वाटलं लक्ष नाही. मग टेलिफोनवर चुकीच्या वॉर्डांना फोन जोडायला लागली, तेव्हा साहेबांनी तिला पाकिटांवर बसवलं. बदली तिनं मागितलेली नाही. डॉक्टर म्हणाले, ज्या आजारानं लहानपणी डोळे नेले तोच आता कानांवर आलाय. कानाची नसच वाळत चाललीय, त्यामुळं ऑपरेशनचा उपयोग नाही. मशीन लावून बघितलं. त्यानं आवाज मोठा होतो, शब्द होत नाही. वर्षअखेरपर्यंत थोडंफार राहील, असं ते म्हणतात, पण ते म्हणताना माझ्याकडं बघत नव्हते.

तिनं माझ्याकडून शपथ घेतलीय की कोणाला सांगायचं नाही. आता तुमचं पत्र मी तिच्या उजव्या कानात ओरडून वाचते. समोरच्या घरातले आजोबा परवा मला विचारत होते, त्या पाण्याच्या बाटल्यांवाल्या बाईंनी पुढं काय लिहिलं म्हणून. म्हणजे गल्लीला माहीत आहे, फक्त तुम्हालाच नव्हतं.

तिला रागावू नका. मास्तरांना काय कळवायचं ते तुम्ही बघा.

वहिनी


२५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

हे पत्र पूर्ण वाचायला वहिनींना सांगितलंय, मध्ये काही न जोडता.

त्यांनी मला कळवलं. त्यांच्यावर डाफरू नकोस. शपथ त्यांनी मोडली, कारण मी तुला एक मूर्ख पत्र लिहिलं होतं. त्याचा दुसरा अर्धा भाग वाचून घेऊ नकोस. मास्तरांना मी खरं काय ते लिहिलंय आणि माझं आधीचं म्हणणं मागं घेतलंय.

तू मला का सांगितलं नाहीस, हे विचारणार नाही. तुझं पत्र आता पुन्हा वाचलं, तर त्यात तू सगळं सांगितलेलं होतं.

काय करू, एवढंच सांग.

दोरी


८ मार्च

दोरी,

वहिनीशी तीन दिवस बोलले नाही. मग कळलं की त्यात तोटा माझाच आहे, तिला जरा आराम मिळाला.

काय होतं ते सांगते, म्हणजे तू पुस्तकं उघडून बसणार नाहीस. आवाज येतो, पण त्याला कडा नसतात. भिंतीपलीकडं कोणी भांडी घासावीत तसं सगळं माणसांचं बोलणं. वहिनी तुझं नाव घेते तेव्हा मला कानावर तिच्या तोंडाची वाफ कळते, नाव मी अंदाजानं ओळखते. उजव्या कानात अजून थोडं आहे. डाव्यात नुसती शिट्टी. डोळे गेले तेव्हा मी पाचवीत होते, तेव्हा वाटलं होतं आता यापेक्षा आणखी काय जाणार. जाऊ दे.

नोव्हेंबरात काय झालं ते मी तुला खोटं लिहिलं. बार झाला तेव्हा मी तशीच बसून होते. बाजूच्यांचे पाय जमिनीतून कळले, तेव्हा उठले. नवी बिचारी जोरजोरात ओरडत होती म्हणे. माझी शेवटची नोंद ती आहे, दोरी. हीट, शेवटची. तू एक पान लिहिशील, त्यावर नऊ वेळा, सहा वेळा सगळं येईल, पण मला माहीत असेल की शेवटी मी बसून राहिले होते. हरले असते तर चाललं असतं. मी पळालेच नाही.

एप्रिलमध्ये मला एक शर्यत हवीय. जिंकायचीही नाही, म्हणजे जिंकले तर नको म्हणणार नाही, पण बार झाला की उठून रेषेपर्यंत जायचं. नवीला बोलावं लागतं. तुला कधी लागलं नाही. तू शेवटच्या काही वर्षांत पळताना काही बोलतच नव्हतीस, आठवतंय? तुझा हात पुरायचा. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हे नियम मला तुझ्याइतकेच पाठ आहेत. पण बार झाला आणि तू उठलीस की तुझा हात उठणार, आणि तो उठला की मला कळणार. त्याला कोण काय म्हणेल?

तुझ्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत आहे. चाळिशीचंही माहीत आहे. तरी विचारते.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

येते. साहेबांनी महिनाभराची रजा दिली. मी आजवर कधी घेतलीच नव्हती, त्यामुळं त्यांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही. रोज सकाळी डेपोमागच्या रस्त्यावर पळतेय. ड्रायव्हर मंडळी हात करून थांबायची खूण करतात, त्यांना वाटतं माझी बस सुटली. गुडघा पहिल्या दोनशे पावलांना कुरकुरतो, मग गप्प बसतो. उठताना मात्र दुखतो, म्हणजे नेमकं जिथं आपल्याला लागणार तिथंच.

हे शहाणपणाचं आहे का, ते माहीत नाही. मी मोठी आहे, मी नको म्हणायला हवं, असंही वाटतं. पण तुझ्या पत्रानंतर नको म्हणायला मला एकही वाक्य जुळवता आलं नाही.

पहिल्या तारखेला पोचते. वहिनींना सांग, स्टॅंडवर यायची गरज नाही.

दोरी


६ मे

दोरी,

पोचलीस का नीट? माझा घसा अजून बसलेला आहे, वहिनी म्हणते मी ओरडूनच बोलते आता, मला कुठं कळतंय.

मी त्या दिवशी ओकले आणि सगळा घोळ झाला. प्रथमोपचाराच्या खोलीत पडून राहिले आणि पदक द्यायची वेळ निघून गेली. तू काही बोलली असशील तर मला पोचलं नाही, पण हात दाबलास ते पोचलं. एकदाच. मी तेव्हापासून त्याच जागी आहे.

आता मला सगळं सांग. बाकावर बसून सांगायचीस तसं. दुसरी कोण आली? किती मागं होती? मला कोणाचेच पाय लागले नाहीत बघ. एरवी ऐकू नाही आले तरी जमिनीतून कळतात, डावीकडं एक, उजवीकडं दोन. या वेळी ट्रॅक नुसता आपलाच होता. एवढ्या मागं टाकलं आपण? बेचाळिसाव्या की कितव्या वर्षी तू, आणि मी अशी. मास्तरांनी टोपी काढली का?

फलकावर आता दहा वेळा लिही. वारा असेल तर तोही लिही, माझी हरकत नाही. पदक अजून आलेलं नाही. समितीला एक पत्र टाक, त्यांना आठवण केल्याशिवाय काही होत नाही. आता निवृत्त झाले म्हणून कळव. भिंत तयार असेल तर मी तयार आहे.

उजवा कानही गेला, परवापासून. पण त्याचं एवढं काही वाटलं नाही. तोवर थांबला हेच खूप.

भिंगरी

(ती पदकाची वाट बघतेय. कधीपर्यंत येईल? – वहिनी)


११ मे

वहिनींस,

हे पत्र तुम्हाला आहे. तिला सांगू नका, निदान लगेच नको. पदक येणार नाही.

मी काय झालं ते डायरीत चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा स्वतःला थोडं सोडून दिल्यासारखं वाटलं. इथं सरळ लिहिते.

आम्ही जागेवर बसलो होतो. तिचा हात आणि माझा हात ट्रॅकवर शेजारी शेजारी, बोटं एकमेकींना लागलेली. एप्रिलभर आम्ही तसाच सराव केला होता. बार होतो, मी उठते, ती उठते. मास्तर घड्याळ लावून बघायचे आणि मान डोलवायचे, इतकं ते जमलं होतं. तिचं सगळं ऐकणं त्या बोटांत आलं होतं. फायनलला बंदूकवाल्यानं ‘सेट’ पुकारलं, आम्ही कंबर उचलली आणि माझ्या गुडघ्यातून कळ आली. हात थरथरला असेल. मला जाणवलासुद्धा नाही. तिला जाणवला. ती सुटली.

मी तिच्याबरोबर सुटले, कारण अकरा वर्षांत ती सुटली आणि मी बसून राहिले असं कधी झालेलं नाही. मग बार झाला, लगेच दुसरा, परत बोलावण्याचा. सगळ्या जोड्या थांबल्या. तिला दोन्ही बार ऐकू आले नाहीत.

तिला थांबवायचं तर दोरी ओढावी लागली असती. पट्टी बांधून पूर्ण वेगानं पळणाऱ्या माणसाची दोरी ओढली तर ते तोंडावर पडतं. हे कारण खरं आहे, नियम बघणाऱ्या पंचांनीही ते मान्य केलं. पण वहिनी, दुसरंही खरं आहे. तिच्या तोंडाकडं बघितल्यावर मला तिला थांबवावंसं वाटलं नाही. मी पळत राहिले. अख्खा ट्रॅक रिकामा होता. आम्ही दोघी, आणि मागं सगळे कमरेवर हात ठेवून उभे. शेवटी कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या न वाजवत्या तर बरं झालं असतं.

रेषेपलीकडं जाऊन ती वाकली आणि ओरडून विचारलं, “कितवी?”

बाद केल्याचं लाल कार्ड घेऊन पंच आमच्याकडंच येत होते. त्यांनीही ते ऐकलं आणि ते स्वतःच्या बुटांकडं बघत उभे राहिले. मी तिचा हात धरला. मला ‘चल’ म्हणायचं होतं, ‘बस’ म्हणायचं होतं, काय म्हणायचं होतं देव जाणे. मी तो एकदा दाबला. आमच्यात जुनी खूण आहे: गोंगाटात काही ऐकू येत नसे, म्हणून एकदा दाबलं की पहिली, दोनदा म्हणजे दुसरी. मी कधी तीनच्या वर गेले नव्हते. बादची खूण आम्ही ठरवलीच नव्हती.

मग ती ओकली, खोलीत नेलं, आणि मला वाटलं जरा सावरली की सांगू. संध्याकाळच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. मी सांगितलं नाही. कसं सांगायचं होतं तेही कळत नव्हतं.

आता तुम्ही सांगा, काय करू.

तुमची,
दोरी


१९ मे

ताईंस,

तुमचं पत्र मी डब्यात ठेवलंय, पिठाच्या. तिथं तिचा हात जात नाही.

आता ओरडूनही काही पोचत नाही. गल्ली शांत झाली. मी तिच्या तळहातावर बोटानं लिहिते, नख लागलं की ती हात मागं घेते. पाचवीपर्यंत शिकलेली अक्षरं ती विसरलेली नाही. एक अक्षर, मग ती मान हलवते, मग दुसरं. काना, मात्रा नीट काढावी लागते. जोडाक्षर दिलं की गोंधळते. ‘पाणी तापलं’ एवढ्याला आधी किती वेळ जायचा, आता जरा हात बसलाय. तुमचं एवढं मोठं पत्र तळहातावर मावणार नाही, हे मी माझ्या मनाला सांगते. पण मावलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

ती कामावर जाते. पाकिटांच्या खोलीतल्या बायकांनी तिला मधल्या सुट्टीत खुर्चीवर उभं केलं आणि एकेकीनं येऊन हात हातात घेतला. त्यांना मीच सांगितलं होतं की ती जिंकली, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. समोरचे आजोबा येऊन गेले. रोज संध्याकाळी दारात बसून विचारते, पदक आलं का. मी तळहातावर ‘ना’ काढते. ती म्हणते, उद्या येईल.

ताई, माझं ऐकाल तर सांगू नका. तिला कोण सांगणार आहे? पेपर तिच्यापर्यंत पोचत नाही, फोन पोचत नाही, आता शेजारीपाजारीही पोचत नाहीत. मी आणि तुम्ही. एवढ्या वाईटात एक बरं घडलंय आणि तेही चुकून घडलंय. मी एखादं पदक बनवून आणीन, बाजारात मिळतात, त्यावर काय कोरलंय ते ती बोटानं बघेल तेवढं बघेल. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला खरं बोलल्याशिवाय झोप लागत नसेल. मला लागते.

आणि एक. सांगायचंच असेल तर ते तुम्ही येऊन सांगा. मी माझ्या बोटानं ते लिहिणार नाही.

वहिनी


२८ मे

वहिनींस,

तुमचं पत्र मी रोज कामावर घेऊन जाते आणि परत आणते. तुमचं चुकतंय असं म्हणायला मला अजून काही सापडलं नाही.

फलकाचा मजकूर आज पाठवला. शंभर मीटर नऊ वेळा. दोनशे, विक्रम, रौप्य, सगळं. या वर्षासमोर ‘अपात्र’ लिहिलं. मास्तरांचा फोन आला होता. ते म्हणाले, “राहू दे की. भिंत तिला थोडीच दिसणार आहे?” मी म्हटलं, म्हणूनच. त्यांना ते कळलं नाही आणि मला ते नीट सांगता आलं नाही.

तुम्हाला सांगून बघते. तिनं एकही शर्यत पाहिलेली नाही. पुढं-मागं, जिंकली-हरली, सगळं माझ्या शब्दावर. आता तर शब्दही नाही, नुसता हात. त्या हातानं एकदा खोटं सांगितलं आणि ते तसंच ठेवलं, तर मागच्या नऊ वेळांचं काय, हा प्रश्न ती कधी विचारणार नाही. पण मला पडेल. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हे तिच्यासाठी नाही, तुमच्या डायरीसाठी आहे. तसं असेलही. मी खूप विचार केला आणि तो भाग वेगळा काढता आला नाही. तुम्ही म्हणता तशी ती सुखात आहे, आणि मी तिथं येऊन ते घेणार आहे, आणि त्या बदल्यात माझ्याकडं द्यायला काही नाही. कान नाही, शर्यत नाही, पदक नाही. सांगितल्यावर तिचं बरं होईल असं मला मुळीच वाटत नाही.

पण ती रोज दारात बसून विचारते, आणि तुम्ही ‘ना’ लिहिता, आणि ती उद्या म्हणते. बाजारातलं पदक मी तिच्या हातात देऊ शकणार नाही. तुम्ही दिलंत तर ती ते घेऊन मला दाखवायला येईल आणि माझा हात धरेल. तेव्हा मी तो किती वेळा दाबू?

जोडाक्षर नको म्हणालात, म्हणून वाक्य जुळवून बघितलं. ‘माझा हात हलला. आपण बाद.’ एकही जोडाक्षर नाही. रात्री उशीवर बोटानं काढून बघितलं. पहिलं वाक्य आधी ठेवलंय. दुसरं तिनं मान हलवल्यावरच लिहीन. ती मग विचारेल, कितवी आले असते.

पदक बनवून घेऊ नका. पाच जूनला सकाळच्या बसनं निघते, दुपारी पोचेन. तुम्हाला घरी थांबवत नसेल तर थांबू नका. मी समजेन.

इतकंच.

दोरी


४ जून (डायरीत)

उद्या: निघायच्या आधी नखं कापणे.